सुपर-रेझोल्यूशन मायक्रोस्कोपीच्या प्रयोगशाळेत रोजचे काम नेमके काय असते?

धंतोलीकर
नमस्कार. मी नागपुरात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून पीएच.डी.साठी सुपर-रेझोल्यूशन फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपीचा, म्हणजे चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या साहाय्याने नेहमीच्या सूक्ष्मदर्शीपेक्षा बारीक तपशील पाहण्याच्या तंत्राचा, विचार करीत आहे. दृश्य प्रकाशाने साधारण २०० ते २५० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, ही एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडलेली मर्यादा आम्ही वर्गात शिकलो. ती ओलांडल्याबद्दल बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हेही वाचले. मात्र या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेले कोणी माझ्या परिचयाचे नाही. दिवस लेझर जुळवण्यात जातो की पेशी वाढवण्यात? बारावीनंतर माझा जीवशास्त्राशी संबंध राहिलेला नाही, ती उणीव कितपत नडेल? शिवाय असे उपकरण हाताशी नसताना येथे राहून तयारी कशी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सदरकर
मी मूळची नागपूरची. बंगळुरूला याच तंत्रावर पीएच.डी. केली, म्हणून अनुभवाचे सांगते. लेझर जुळवणे हे काम उपकरण उभे करताना महिनोन्‌महिने चालते, पण एकदा ते स्थिरावले की रोजचा बहुतेक वेळ नमुना तयार करण्यातच जातो. प्रतिमेची गुणवत्ता यंत्रापेक्षा नमुन्यावर अधिक ठरते, हे माझे ठाम मत आहे.

स्टॉर्म या पद्धतीचे उदाहरण घ्या. एका वेळी मोजकेच रेणू चमकावेत, प्रत्येक ठिपक्याचा मध्य गणिताने काढावा आणि अशा दहा ते पन्नास हजार चौकटींतून चित्र उभे करावे, हे तिचे तत्त्व. ठिपका कितीही पसरट असला तरी त्याच्या मध्याची अचूकता फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: ठिपक्याच्या पसरटपणाचे प्रमाण विचलन १०० नॅनोमीटर धरले, तर १०० फोटॉनांत सुमारे १० आणि ४०० फोटॉनांत सुमारे ५ नॅनोमीटर, तेही पार्श्वभूमीचा उजेड नगण्य असेल तरच. आता हे फोटॉन कोठून येतात? रंगद्रव्य योग्य प्रकारे लुकलुकावे म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज, कॅटालेज आणि थायॉल (गंधकयुक्त रसायन) घातलेले बफर, म्हणजे पीएच स्थिर राखणारे द्रावण, लागते. त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजन शोषून घेताना ग्लुकॉनिक आम्ल तयार करते, पीएच घसरत जातो आणि बफर निकामी होते. त्यामुळे ते ताजे करूनच वापरावे लागते. थायॉलच्या उग्र वासाची सवय करून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही.

फिक्सेशनचेही, म्हणजे पेशी रसायनाने आहे त्या स्थितीत टिकवण्याचेही, तसेच. पेशीच्या सांगाड्यातील सूक्ष्मनलिका नुसत्या पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये नीट टिकत नाहीत. ग्लुटराल्डिहाइड वापरले तर त्या टिकतात, पण नमुना स्वतःच चमकू लागतो आणि तो उजेड बोरोहायड्राइडने कमी करावा लागतो. नंतर रंगद्रव्य चिकटवण्यासाठी लागणाऱ्या अँटिबॉडीचे दोन थर चढले की २५ नॅनोमीटरची नलिका ५०-६० नॅनोमीटर जाड दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस त्या जाडीवर निष्कर्ष काढून मोकळा होतो. जीवशास्त्राची उणीव नडते ती अशा ठिकाणी. ती भरून निघते, परंतु पहिले वर्षभर पिपेट हातात धरण्याचा कमीपणा वाटू देऊ नका.

महालवासी
सदरकर ताईंशी मी सहमत आहे, तरी यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो. मी येथील एका संस्थेत सूक्ष्मदर्शी सांभाळतो. साधा फ्लुओरेसन्स असो की सुपर-रेझोल्यूशन, खोलीचे तापमान हाच मोठा शत्रू आहे. ॲल्युमिनियमची १० सेंटिमीटरची पट्टी एका अंशाने तापली की सुमारे २.३ मायक्रोमीटर लांब होते. म्हणजे दशांश अंशाच्या फरकानेही २३० नॅनोमीटर! तुम्हाला २० नॅनोमीटरचा तपशील हवा असेल आणि छायांकन वीस मिनिटे चालणार असेल, तर एसी चालू-बंद होणेसुद्धा चित्रात उतरते. म्हणून नमुन्यात चमकणारे सूक्ष्म मणी खूण म्हणून ठेवतात आणि त्यांच्या सरकण्यावरून नंतर दुरुस्ती करतात.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेल्यावर ही अडचण आणखी वाढते. कूलर लावून भागत नाही. त्याच्या दमट हवेने लेन्सला बुरशी धरते आणि महागडे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे मुख्य भिंग) हातचे जाते. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत ठेवणे, भिंग आणि नमुना यांमध्ये घालायचे इमर्शन ऑइल काम होताच पुसणे, नमुन्यावरची काच (कव्हरस्लिप) ०.१७ मिलिमीटर जाडीचीच घेणे या सवयी तुम्ही आजच्या साध्या सूक्ष्मदर्शीवरही लावून घेऊ शकता. कोणत्याही प्रयोगशाळेत या सवयी असलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो.

धंतोलीकर
दोघांचेही मनःपूर्वक आभार. विश्लेषणाची बाजू घरी बसून शिकता येईल का?

सदरकर
अवश्य येईल, आणि तुम्ही सुरुवात तेथूनच करावी असे मला वाटते. फिजी हे प्रतिमा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारे थंडरस्टॉर्म हे प्लगइन दोन्ही मोफत आहेत, आणि एकरेणू-स्थाननिश्चितीच्या स्पर्धांसाठी लोझानच्या ईपीएफएलने ठेवलेल्या माहितीसंचांवर सराव करता येतो. त्यांतील कृत्रिम संचांत रेणूंची खरी जागा आधीच ठाऊक असते, त्यामुळे तुमचे उत्तर किती चुकले हे मोजता येते. आधी तयार प्लगइन वापरा, मग ठिपक्यावर गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवण्याचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये स्वतः लिहा. ठिपके एकमेकांवर चढले की दोन रेणूंच्या मधोमध, प्रत्यक्षात नसलेला, तिसराच रेणू कसा दिसू लागतो, हे एकदा आपल्या प्रोग्रॅममध्ये पाहिले की छापील चित्रांकडे बघण्याची नजर बदलते.

एक मात्र आवर्जून सांगते. केवळ तंत्राच्या मोहाने प्रयोगशाळा निवडू नका, तेथे कोणता प्रश्न सोडवला जात आहे ते पाहा. चेतापेशीच्या अक्षतंतूत ॲक्टिन या प्रथिनाची कडी सुमारे १९० नॅनोमीटर अंतराने ओळीने बसलेली असतात, हे २०१३ मध्ये स्टॉर्ममुळे दिसले. ॲबेच्या मर्यादेच्या किंचित आत असलेले हे अंतर साध्या सूक्ष्मदर्शीला एवढी वर्षे चकवत राहिले होते. असा प्रश्न असेल तर नमुन्यामागचे कष्ट सार्थकी लागतात. उलट जिवंत पेशीतील वेगवान हालचाल पाहायची असेल तर स्टॉर्म फार संथ पडते. तेथे सिम (पट्ट्यापट्ट्यांच्या प्रकाशाने प्रतिमा घेणारी) किंवा स्टेड (दुसऱ्या लेझरने ठिपक्याच्या कडेची चमक विझवणारी) या पद्धती बऱ्या, जरी सिमने विभेदन साधारण दुपटीनेच सुधारते आणि स्टेडच्या प्रखर लेझरचा पेशीला त्रास होतो.

मुलाखतीला जाल तेव्हा नमुने कोण तयार करते, यंत्रावर आठवड्याला किती तास मिळतात आणि यंत्र बिघडले तर दुरुस्ती संस्थेतच होते की परदेशातून माणूस येईपर्यंत थांबावे लागते, हे तेथील विद्यार्थ्यांना स्पष्ट विचारा.