कॉन्टे नक्की कुणाचं? दोन डब्यांवर दोन कंपन्या

शहापूरचा पोरगा:
नमस्कार मंडळी, बेळगावातनं विचारूलालोय. आमचे ड्रॉइंगचे सर इथले चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले, त्यांनी परवा मला त्यांची जुनी डबी दिली, आत चित्र काढायच्या खडूसारख्या तीन चौकोनी कांड्या, एक तांबूस, एक काळी, एक पांढरी, तांबूस कांडीचा एक कोपरा सरांच्या हातानं झिजून तिरका झालाय. डबीवर 'कॉन्टे आ पारी'. आता घरात भाचीच्या जुन्या रंगीत पेन्सिलींचा डबा आहे त्यावर बिक आणि कॉन्टे दोन्ही लिहिलंय, बिक म्हणजे बॉलपेनवाले ना? आणि नेटवर बघितलं तर कांड्या विन्सर न्यूटन या रंगवाल्यांच्या कंपनीकडे दाखवतंय. त्यात बाजारात एका दुकानदारानं गोल कांडी हातात ठेवली, म्हणे हे पण कॉन्टेच. खरा मालक कोण आणि मी घेऊ काय?

खानापूर रेषा:
भावा, घोळ सगळ्यांचाच होतो कारण कॉन्टे हे आधी माणसाचं नाव. निकोला-जाक कॉन्टे, फ्रान्सचा. इंग्लंडशी लढाई लागली, तिकडचं ग्राफाइट यायचं बंद झालं, मग यानं ग्राफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजली आणि 1795 साली पेटंट घेतलं, आज आपण एचबी-टूबी म्हणतो ती पेन्सिल तिथनंच आली, माती जास्त तर शिसं कडक, कमी तर मऊ. कांड्याही त्याच घराण्यातल्या. पुढं 1979 मध्ये बिकनं ती कंपनी घेतली म्हणून शाळेच्या पेन्सिलींवर ते नाव आलं. नंतर चित्रकारांचा माल, म्हणजे 'आ पारी' लिहिलेला, कोलार्ट या कंपनीकडे गेला, विन्सर अँड न्यूटन त्यांचंच. म्हणजे तुझ्या घरातले दोन्ही डबे खरे, फक्त वस्तू वेगळी.
आपल्याकडं कॅम्लिनचं बघ की, दांडेकरांनी 1931 ला सुरू केलेली कंपनी, 2011 मध्ये जपानच्या कोकुयोनं निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला तरी आपण दुकानात कॅम्लिनच मागतो.

निपाणीची ताई:
वरचं बरोबर आहे, पण दुकानदाराचं पण ऐका, आता कॉन्टे हा शब्द प्रकाराचं नाव म्हणून पण चालतो, फॅबर कॅस्टेलच्या, क्रेटाकलरच्या तसल्याच कांड्या मिळतात आणि त्या चांगल्या आहेत, मी स्वतः वापरते. त्यामुळं नावावर जाऊ नका, कांडीवर जा. खरी कांडी माती, रंगद्रव्य आणि थोडा डिंकासारखा बांधणारा पदार्थ, मेण नाही. कागदावर घासून बोट फिरवा, पसरली तर ठीक, चकाकली आणि बोटाला आलीच नाही तर मेणाचा खडू. सॉफ्ट पेस्टलपेक्षा, म्हणजे मऊ रंगखडूपेक्षा कडक असते म्हणून कोपऱ्यानं केसाएवढी रेघ निघते आणि आडवी धरली की सावली. तांबूस म्हणजे सँग्विन, त्यात लोहाचा रंग, आपल्या गेरूचाच भाऊ. टोक काढत बसू नका, मोडून घ्या, मोडलेली कडा सगळ्यात चांगली चालते.

शहापूरचा पोरगा:
ताई, आत्ताच करून बघितलं. खाकी कागदावर सरांची तांबूस घासली आणि बोट फिरवलं तर गालाची सावली आपोआप आली, अंगावर काटा आला खरंच. दुकानातली गोल कांडी नुसती चकाकली, बोट कोरडं. ती उद्या परत करणार. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले पांढरी शेवटी लाव, तीही कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर, दुसरीकडं कुठं नको. शनिवारी कोल्हापूरला जायचंय, सँग्विन आणि पांढरी कांडी सुट्टी मिळाली तर दोन-दोन आणतो, निपाणीला उतरून तुम्हाला पण देऊ काय?