पेटीचा खिळा, दोन किलोमीटर बसक्या टायरवर गाडी: पंक्चर काढून भागेल की टायर बदलू?

मुचकुंदीकाठ:
नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचंय, आंबा घाटातून. त्याआधी पुढच्या उजव्या टायरचा निकाल लावायला हवा.

दहा दिवसांपूर्वी रात्री रत्नागिरीहून परत येत होतो. पावस मागे पडलं आणि पूर्णगडच्या अलीकडे स्टिअरिंग उजवीकडे ओढायला लागलं. उतरून बॅटरी मारली तर टायर निम्मा बसलेला. रस्ता अरुंद, कडेला चिऱ्यांचा गडगा, मिट्ट काळोख आणि गाडीत आई. तिथे जॅक लावायचा धीर झाला नाही. पुढच्या वाडीपर्यंत, दोनेक किलोमीटर, गाडी तशीच हळूहळू नेली आणि ओळखीच्यांच्या खळ्यात स्टेपनी चढवली.

सकाळी पंक्चरवाल्याने खिळा उपटला. आंब्याच्या पेटीला ठोकतात तो बारीक खिळा. टायर रिमवरून न उतरवता बाहेरूनच भोकात रबराची चिकट पट्टी, म्हणजे स्ट्रिप, घातली. तेव्हापासून ३३ भरलेली हवा चार दिवसांत २८ वर येते.

टायर ट्यूबलेस, १६५/८० आर १४, ३१ हजार किलोमीटर चाललेला, नक्षी चांगली आहे. शहरातले दुकानदार टायर नीट न बघताच म्हणाले, चारही बदला. पंक्चरवाले म्हणतात, अजून एक स्ट्रिप मारू, काही होत नाही. मला दोन्ही पटत नाहीत. यंदा आंबा कमी आला, त्यामुळे चार टायरचा खर्च जड आहे. पण आईला घेऊन घाट उतरताना टायरचा घोर नको.

लांज्याचा पाना:
दादा, महामार्गाला माझं पंक्चरचं दुकान होतं, १९ वर्षं. तुमचा टायर मी बघितलेला नाही, म्हणून ठेवा की टाका हे इथून सांगणार नाही. उद्याच्या उद्या तो रिमवरून उतरवून घ्या आणि आतून बघा. उत्तर तिथेच आहे.

आधी भोक कुठे आहे ते बघा. रस्त्याला टेकतो त्या मधल्या पट्ट्यात असेल आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल तर पंक्चर निघतं. पेटीचा खिळा त्याच्या निम्म्यानेही जाड नसतो, त्यामुळे ती काळजी नाही. भोक खांद्यावर, म्हणजे पट्टा संपून बाजू सुरू होते तिथे, किंवा साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, असेल तर मात्र कोणी कितीही सांगो, पंक्चर काढून घेऊ नका. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. तिथे लावलेला पॅच टिकत नाही, आतले धागे तुटलेले असतील तर फुगा येतो.

मला खिळ्यापेक्षा ते दोन किलोमीटर जास्त खटकतात. हवा नसली की सगळा भार बाजूवर येतो, ती दुमडून तापते आणि आतून घासते. टायर उघडल्यावर आत काळा भुगा सापडला, किंवा बाजूला गोल फिरलेला खरखरीत पट्टा बोटाला लागला, तर तो टायर संपला. बाहेरून नवा दिसला तरी संपला. माझ्याकडे असे टायर घेऊन येणारे भांडायचे, 'अरे नक्षी बघ की!' पण मी हवा भरून द्यायचो नाही. तसला टायर पुढे वेगात, भर उन्हात बाजूने फाटतो.

आतून स्वच्छ निघाला तर मशरूम पॅच मारून घ्या. स्ट्रिप काढायची, भोक साफ करायचं, आतला भाग घासून सोल्युशन लावायचं, ते जरा सुकू द्यायचं, मग मशरूमचा दांडा आतून बाहेर ओढून वरून रोलर फिरवायचा. भोकही बुजतं आणि आतून टोपीही बसते. बाहेरून मारलेली स्ट्रिप घरी पोचण्यापुरती. तिच्या भरवशावर घाट नको.

मालवण किनारा:
पॅच मारायच्या आधी हवा जाते कुठून ते साबणाच्या पाण्याने बघून घ्या. आमच्याकडे एकाच टायरचं पंक्चर तीनदा काढलं आणि हवा जातच राहिली. शेवटी अख्खं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं तेव्हा बुडबुडे रिमच्या कडेने आले. समुद्र घरापासून हाकेवर, लोखंडी रिम, खारा वारा. टायर जिथे रिमला घट्ट बसतो त्या कडेवर गंजाचे पोपडे धरले होते. तारेच्या ब्रशने कडा साफ करून रंग लावून घेतला, हवा थांबली. टायरचा काही दोष नव्हता. तुमचा गाव मुचकुंदीच्या खाडीकाठचा, म्हणून सांगितलं. व्हॉल्व्हवरही थोडं पाणी सोडा, त्याचं रबर कधी कधी चिरलेलं असतं.

दापोलीची शिक्षिका:
बदलायची वेळ आलीच तर एकच नवा घेऊ नका, एका अॅक्सलची, म्हणजे पुढची दोन किंवा मागची दोन अशी जोडी घ्या. चारही घ्यायची गरज नाही. आणि नवी जोडी मागे लावायला सांगा. गॅरेजवाले पुढे लावू म्हणतील, कारण इंजिन पुढची चाकं ओढतं. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून सावरता येतं, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

नव्या टायरची तारीख स्वतः वाचा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. १८२४ म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. स्टेपनीचीही तारीख बघा. ती वर्षानुवर्षं न वापरता पडून असते, पण रबर म्हातारं होतंच.

मुचकुंदीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रत्नागिरीला जाऊन टायर उघडवला, स्वतः शेजारी उभा राहिलो.

खिळ्याचं भोक अगदी मधे, पॅच सहज बसला असता. पण लांज्याच्या दादांनी लिहिलं तेच निघालं. टायर उपडा केल्यावर मूठभर काळा भुगा खाली पडला, आणि आतल्या बाजूला बोटभर रुंदीचा खरखरीत पट्टा पूर्ण गोल. त्यावर हात फिरवला तेव्हा अंगावर काटा आला. ज्यांनी स्ट्रिप मारली त्यांनी टायर उतरवून बघितला असता तर हे दहा दिवसांपूर्वीच कळलं असतं. या दहा दिवसांत आईला घेऊन मी तीनदा रत्नागिरीला गेलोय.

हवा थोडी रिमच्या कडेनेही जात होती. तिथे गंज होता, तो घासून घेतला. मालवणचे भाऊ, बरं झालं लिहिलंत.

नवी जोडी घेतली, मागे लावली. मागचे दोन पुढे आले. पुढचा डावा चांगला होता, तो स्टेपनी केला, कारण आधीच्या स्टेपनीवर २११७ लिहिलेलं सापडलं. गाडीबरोबर आलेला, २०१७ सालचा टायर, आणि त्या रात्री मी त्याच्याच भरवशावर घरी आलो होतो.

आणखी एक. परत येताना वाटेतल्या पॅकिंग शेडवर थांबून मालकांना तो खिळा दाखवला. मे महिनाभर तिथे पेट्या ठोकतात आणि खिळे रस्त्यापर्यंत उडतात. त्यांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधून पोराला दारासमोरून फिरवायला लावलं. दहा मिनिटांत चहाचा कप भरून खिळे निघाले. आता रोज संध्याकाळी फिरवतो म्हणालेत. तुमच्या वाटेवर अशी शेड असेल तर तुम्हीही सांगून बघा.