अलॉय रिमवरचा जुना रंग काढायचाय: कॉस्टिक, भट्टी की रिमूव्हर?

रिमझिम१५
चार रिमा आहेत, १५ इंची, ४×१०० (चार बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर), ओतीव ॲल्युमिनियमच्या. कंपनीचा चंदेरी रंग, त्यावर आधीच्या मालकाने कॅनमधला काळा मारलाय, बहुतेक दोनदा. काळा पापुद्रे धरून सुटतोय आणि एनसी थिनरच्या बोळ्याने निघतोही. चंदेरी मात्र ढिम्म. दोन रिमांच्या कडा फुटपाथला घासल्यात. एकीतून आठवड्याला तीन-चार पीएसआय हवा उतरते. टायर पंक्चर नाही, व्हॉल्व्ह नवा. टायर सध्या उतरवलेत.

गॅरेजमध्ये सांगतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवा. पावडर कोटिंगवाला (रंगाची कोरडी पूड भाजून थर देणारा) म्हणतो भट्टीत जाळून देतो. तिसरा सल्ला सँडब्लास्टिंगचा, म्हणजे दाबाने वाळूचा मारा. यातलं काय चालेल? आणि पार धातूपर्यंत जायलाच हवं का?

ओतारी
कॉस्टिक अजिबात नको. लोखंडी ग्रिलचा उपाय तसाच्या तसा इकडे लावलाय. ग्रिलचा रंग निघतो आणि लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियमला मात्र कॉस्टिक खातो. हायड्रोजन सुटतो, पाणी तापतं, तापलं की आणखी जोरात खातो. मोरी मोकळी करायच्या काही पावडरींत कॉस्टिकबरोबर ॲल्युमिनियमचे कण मुद्दाम घातलेले असतात, ती फसफस हीच. सकाळी रिम काळी, खडबडीत, आणि नट बसतात त्या शंकूच्या बैठका झिजलेल्या मिळतील. त्या झिजल्या की रिम भंगारात.

भट्टीत जाळणंही नको. या रिमा ओतल्यावर उष्णता देऊन कडक केलेल्या असतात, आणि शेवटचा टप्पा साधारण दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तासांचा असतो. रंग जाळायला ४०० च्या आसपास जावं लागतं. तेवढ्यात कडकपणा उतरतो. दिसायला काही फरक पडत नाही, पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम वाकते तेव्हा कळतं. पावडर भाजायचे १८० ते २०० अंश, तेही पंधरा-वीस मिनिटं, ही वेगळी गोष्ट आहे.

ब्लास्टिंग चालेल, पण वाळू नको (धूळ फुप्फुसाला घातक आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा), स्टीलचे दाणेही नकोत. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि नंतर त्याच ठिपक्यांवर रंगाखाली गंज सुरू होतो. तारेच्या स्टील ब्रशचंही तेच. काचेचे मणी, ४०-५० पीएसआय, नळी एका जागी रोखून धरायची नाही.

पाना_बारा
घरी करायचं तर रिमूव्हर. डब्यावर मिथिलिन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेला जेल. चार रिमांना दोन ते अडीच लिटर लागेल.

आधी व्हॉल्व्ह आणि चिकटवलेली बॅलन्सची वजनं काढा, डिशवॉशने धुऊन ब्रेकची काळी धूळ घालवा. रिम सावलीत, उघड्यावर. ब्रशने जाड थर एकाच दिशेने ओढायचा. पुन्हापुन्हा फिरवला की वरची पातळ साय मोडते आणि द्रव उडून जातो. लगेच वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळा. हा द्रव ४० अंशांना उकळतो, म्हणून एप्रिलच्या दुपारी लावला तर काम करण्याआधीच हवेत. अर्ध्या तासात रंग सुरकुततो. प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, स्पोकच्या कोपऱ्यांत मरून स्कॉच-ब्राइट. दुसरा हात चंदेरीसाठी. मग भरपूर पाणी आणि साबण, बोल्टच्या भोकांत काही उरू देऊ नका, नाहीतर नवा रंग तिथूनच फुगेल.

निळे नायट्राइल हातमोजे यात काही मिनिटांत फुगून सैल पडतात. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) घ्या, आणि धुताना बदला, कारण ते पाण्यात विरघळतात. कापडी मास्कचा वाफेपुढे शून्य उपयोग, बंद खोलीत हे काम करायचंच नाही. निघालेला लगदा गटारात नको.

दोन तुकडे बोल्टने जोडलेली रिम असेल तर रिमूव्हर लावू नका, मधलं सीलंट जातं.

फवारा
थोडा वेगळा मुद्दा. चंदेरी धडधाकट असेल तर तो काढता कशाला? कंपनीच्या भाजलेल्या रंगाइतका चांगला प्रायमर बाहेर मिळणार नाही. काळा थिनरने पुसा, चंदेरीवर ३२० चा वॉटर पेपर मारा, जिथे फोड किंवा पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा दिसतात तिथे तेवढंच धातूपर्यंत जा. अळ्या म्हणजे रंगाखाली पसरलेलं क्षरण. त्यावर रंग मारला तर वर्षभरात पुन्हा वर येणार.

कडा: ८० नंबरच्या कागदाने सुरू, १२०, १८०, २४०, ३२०. ८० वरून थेट ३२० वर उडी मारली तर रेघा बेसकोटखाली (रंगाच्या थराखाली) लख्ख दिसतात. पावडर कोटिंग करणार असाल तर साधी बॉडी पुट्टी भरू नका, २०० अंशांना ती उठते.

रिमझिम१५
तिघांचेही आभार. एका रिमला रिमूव्हर लावला. काळा गेला, पण चंदेरी अर्ध्या तासाने नुसता मऊ, सुरकुतला नाही. आणि एका स्पोकच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसतेय, दीडेक सेंटिमीटर. ओतकामाची खूण असेल का?

पाना_बारा
मऊ झालाय म्हणजे लागतोय. फिल्म चढवली होती का? आधी ८० चा कागद आडवा-उभा फिरवा, वरचा क्लिअर (पारदर्शक थर) फुटला की द्रव आत शिरतो. एक तास ठेवा.

ओतारी
त्या रिमला आता ब्लास्टिंग करू नका, घासूही नका. दोन्हींनी चिरेचं तोंड चेपून बंद होतं आणि तपासणीत काही दिसत नाही. डाय पेनिट्रंटचा (चिरेत शिरणाऱ्या रंगाचा) तीन कॅनचा संच मिळतो, वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे. क्लीनरने स्वच्छ, लाल डाय मारून वीस मिनिटं, कापडाला क्लीनर लावून पुसायचं (थेट फवारलात तर चिरेतला डायही धुतला जातो), मग पांढरा डेव्हलपर. पाच-दहा मिनिटांत लाल रेघ उमटली तर चीर. स्पोकच्या मुळाशी चीर म्हणजे रिम बाद, वेल्डिंग करून देणाऱ्याला दाखवूही नका. रेघ उमटली नाही तर साच्याची शिवण, खुशाल पुढे जा.

हवा उतरणारी रिम: टायरचा काठ बसतो त्या पट्ट्यावर पांढरी भुकटी असेल. ती १८० आणि मग ३२० ने गुळगुळीत करा, वर प्रायमरचा एकच पातळ हात. टायर चढवून ३० पीएसआय भरा आणि पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुडे काठातून न येता मधल्या धातूतून आले तर ओतकाम सच्छिद्र आहे आणि आजवर रंगानेच ते बुजवलं होतं.

फवारा
उघडा धातू रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी टू-पॅक (दोन भाग मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर. पावसाळी हवेत क्लिअर दुधाळ पडतो, तेव्हा दिवस बघून घ्या.

हबला टेकणारी मागची बाजू आणि नटच्या बैठका मास्किंग टेपने झाका. तिथे रंगाचा थर राहिला की तो दाबाखाली बसतो आणि नट सैल पडतात. बसवल्यावर गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.