वावर राखाले ठासणीची बंदूक घरीच बनवावी का?

तूरवाला
भाऊ लोक, आमचं वावर जंगलाले लागून हाय, तीन एकरात तूर आन् हरभरा. मागच्या पंधरवड्यात एका रात्री डुकरांचा कळप शिरला आन् अर्धा एकर हरभरा असा उकरून ठेवला का सकाळी पाहणाऱ्याले वाटावं इथं वखर मारला. मी जागलीले मचाणावरच होतो, डबा वाजवला, सुतळी बॉम्ब फोडले, टॉर्च मारला. एका मादीनं मान वर करून पाह्यलं आन् परत नाक मातीत घातलं. माह्या आजोबाकडं लायसनची भरमार होती, म्हंजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भराची बंदूक, ते गेल्यावर लायसन कोणी नावावर केलं नाही, बंदूक ठाण्यात जमा झाली. तिचा गज तेवढा घरी हाय, आढ्याले खोचलेला. इकडं माहा मावसभाऊ अमेरिकेत राह्यते, त्यानं किट मागवून पाच-सहा महिने रोज रात्री बसून आपली पहिली ठासणीची रायफल बनवली, हरणाच्या सीझनले नेणार म्हणते. तवापासून डोक्यात तेच घोळून राह्यलं. गावात लोहार हाय, लाकूड घरचं हाय. आपल्या पिकासाठी आपल्या हातानं एक बंदूक बनवली तर काय चुकलं? बोला.

धुऱ्यावरचा
काहीच चुकलं नाही. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत द्या, मग पंचनाम्याची वाट पाहा, आन् पैसे येईपर्यंत दुसरा हंगाम पेरून होते. मले मागच्या साली जे भेटलं त्यात बियाण्याची थैलीही आली नाही. ज्याचं वावर त्यालेच राखा लागते.

काळी माती
तूरवाला भाऊ, तुझा राग शंभर टक्के खरा आहे, पण मावसभावाचं उदाहरण इथे लागू होत नाही. अमेरिकेत 1968 च्या फेडरल कायद्यात ठासणीच्या बंदुका जुन्या धाटणीच्या म्हणून बहुतेक नियमांतून वगळल्या आहेत, राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, पण किट पोस्टाने घरी येतं ते त्यामुळेच. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे. बंदूक नुसती जवळ बाळगायलाच नाही, तर कलम 5 प्रमाणे बनवायलाही परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. अर्ध्या एकर हरभऱ्यासाठी सात वर्षं? आणि लोहाराला पण सोबत नेशील.

भात्याजवळचा
मी लोहाराचाच पोरगा आहो, म्हणून लिहून राह्यलो. माह्या मोठ्या बाबांकडं एकदा असाच एक जण आला होता, पाण्याच्या पाइपाची नळी घेऊन. बाबा नाही म्हणले, त्यानं दुसरीकडून करून घेतली. तिसऱ्या का चौथ्या बाराले फुटली. मी त्याचा डावा हात पाह्यला आहे, अंगठा आन् त्याच्या बाजूचं बोट नाही, तळव्यावर काळे ठिपके अजून आहेत, दारू कातडीत गेली ते निघालीच नाही. आता तो माणूस पऱ्हाटी वेचाले जाते तं ओटी उजव्या हातानं सांभाळते आन् वेचतेही त्याच हातानं.
आपल्याले वाटते लोखंड म्हणजे लोखंड. तसं नाही. पाइप पाण्याच्या दाबासाठी असते, त्याच्या सांध्याले दारूचा धक्का सोसत नाही. आन् नळी चांगली असली तरी गोळी दारूवर पक्की टेकली नाही, मधे जागा राह्यली, तरी ते फुटू शकते. ठासण्याचा गज त्यासाठीच असते आन् जुने लोक गजावर खूण करून ठेवत, गोळी बसली का नाही हे कळाले. तुह्या आजोबाच्या गजावर पाह्य, खाच असंल. मावसभावाले नळी कारखान्यातून तयार आली, त्यानं लाकूड घासलं. तू तं नळीपासून सुरू करून राह्यला.

धुऱ्यावरचा
मग काय कुंपणात करंट सोडावा? लोक तेच करून राह्यले नं!

वनमजुराची लेक
करंटचं नाव काढू नका हो दादा. 2017 मधे नागभीडकडं जय वाघाचा बछडा श्रीनिवास असाच कुंपणाच्या करंटनं मेला, आन् रात्री मोटार चालू करायला निघालेली माणसंही अशीच मरतात. पण बंदुकीचंही सांगते. ठासणीच्या बंदुकीचा बार एकच. डुक्कर जखमी झालं का ते पळंलच असं नाही, अंगावरही येते, आन् तुम्ही पुन्हा दारू भरेपर्यंत त्याचा सुळा मांडीत असते. माह्या बाबांनी असे दोघं दवाखान्यात नेले. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मधे, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं का गुन्हा. परवानगीनं मारलं तरी ते सरकारचं, घरी नेता येत नाही. आमच्या गावात जन-वन विकास योजनेतून सोलर कुंपण भेटलं, 75 टक्के अनुदान. तारेखालचं गवत दर आठवड्याले कापा लागते, नाहीतर झटकाच बसत नाही, पण तूर उभी आहे.

धुऱ्यावरचा
योजनेत ज्या गावाचं नाव नाही त्यानं काय करावं ताई? आमचं नाही. तुमच्याकडची डुकरं तारेले भिऊन आमच्याकडंच येतात.

काळी माती
हे बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तूरवालाला एक सांगायचं राहिलं. त्याच शस्त्र कायद्याच्या कलम 13 मधे शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तुझी मागणी कायद्यातच आहे. आजोबांचं लायसन होतं म्हणतोस, मग सातबारा, त्यांच्या लायसनचा नंबर, ठाण्याची जमा पावती, नुकसानीचे जुने पंचनामे जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज कर. बनवू नको, माग. वेळ लागेल हे मान्य.

तूरवाला
गज खाली काढून पाह्यला. खाच हाय, दोन हायेत, एक रिकाम्या नळीची असंल आन् एक भरलेल्या. मले आजवर वाटे ते घासल्याचे निशाण हायेत. लोहाराले नाही म्हणून सांगतलं. पण धुऱ्यावरच्याचं मले अजूनही पटते, लायसन दोन वर्षांनी भेटंल आन् डुकरं आज रात्री येतील. आईनं पेटीतून जमा पावती शोधून देली, घडीवर फाटली पण नंबर वाचता येते. सोमवारी कलेक्टर ऑफिसले जातो. कोणी अशात पीक राखणीचं लायसन काढलं असंल तं कागद कोणते लागले ते इथं टाका.