१९४६चं चॅम्प विकत घ्यावं का? ही जुनी छोटी विमानं पडतात तरी कशाने?

घाटावरचा

नमस्कार मंडळी. मूळचा इचलकरंजीचा, आता ओहायोत. दोन वर्षांपूर्वी सेसना १७२ विमानावर पायलटचं लायसन्स काढलं, १४० तास झालेत. घराजवळच्या गवताच्या धावपट्टीवर एक एरॉन्का चॅम्प विकायला आहे. मॉडेल ७एसी, साल १९४६, इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं. बनलंय इथे ओहायोतच. वीज नाही, स्टार्टर नाही, पंखा हाताने फिरवायचा. बघितल्यापासून झोप उडालीय.

बायकोचा एकच प्रश्न: "तुझ्या बाबांपेक्षा वयाने मोठं आहे ते. असली विमानं पडतात कशाने, ते आधी सांग." म्हणून एनटीएसबीच्या, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या डेटाबेसमध्ये (१९६२पासूनचे अपघात आहेत त्यात) दोन रात्री घालवल्या. पानामागून पान तेच, लँडिंगच्या वेळी दिशा सांभाळता आली नाही. माणसं बहुतेक चालत बाहेर आलेली. मध्येच एखादा रिपोर्ट मात्र असा की पुढचा वाचायचा धीर होत नाही.

लॉगबुक पाहिलं. १९७१ची एक नोंद आहे, "डाव्या पंखाचं टोक दुरुस्त केलं, कापड नवीन." विकणारा म्हणतो, ते काही विशेष नाही. विमान रिकामं ७४० पौंड, कमाल वजन १२२०. मी ९२ किलो. कोणी अशी विमानं उडवलीत का?

हवापालट

ऑ? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पुष्पक_७४

मी उडवलीत. चॅम्प नाही, पण त्याचं चुलतभावंड म्हणा. एचएएलचं पुष्पक, १९५८मध्ये पहिल्यांदा उडालं. तिथले विमानांचे डिझायनर, आपले घाटगे साहेब, त्यांच्या ऑफिसातलं, आणि बेतलेलं एरॉन्काच्या चीफ या विमानावर. फरक इतकाच की त्यात दोघं शेजारी बसतात आणि चॅम्पमध्ये मागेपुढे. देशभरच्या फ्लाइंग क्लबांतली पोरं त्यावर शिकली. मी १९७४ला, महाराष्ट्रातल्याच एका क्लबात. नाव नको.

आधी तुमच्या त्या रटाळ रिपोर्टांबद्दल. तुम्ही इचलकरंजीचे, म्हणजे उसाची ट्रॉली लावून ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना पाहिला असेल. ट्रॉली एक वीतभर वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते, आपोआप सरळ होत नाही. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं तसंच. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. १७२मध्ये तो पुढे असतो, म्हणून तुमच्या चुका ते विमान स्वतःच पोटात घालतं. चॅम्पमध्ये नाक पाच अंश वळेपर्यंत दिशेच्या पेडलवरचा पाय हलला नाही, तर पुढचं काम विमान करतं: गर्रकन गिरकी, बाहेरचा पंख जमिनीला. याला ग्राउंड लूप म्हणतात.

माझा झाला, एकट्याने उडायला लागल्यावर अकराव्या तासाला. डावीकडून वारा होता, टेकलो छान, आणि "जमलं बुवा" म्हणून पाय सैल सोडले. उजव्या पंखाचं टोक गवतात घासलं. आवाज कसला, तर पावसाळ्यात ताडपत्री ओढत नेल्यासारखा. मेकॅनिकने फाटलेल्या जागी कापडाचा तुकडा चिकटवला, डोपचे, म्हणजे कापड ताणणाऱ्या रोगणाचे, हात मारले, दोन दिवसांत विमान परत हवेत. आत काय झालं असेल हे बघायला कोणी कापड उघडलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला फक्त बिलाची भीती होती.

हे एवढं सांगायचं कारण तुमची ती १९७१ची नोंद. चॅम्पच्या पंखाची कणा-तुळई, म्हणजे स्पार, स्प्रूसच्या लाकडाची आहे. पंखाचं टोक जमिनीला लागलं की धक्का टोकाशी थांबत नाही, स्पारमधून आत येतो आणि लाकडाचे धागे दाबून मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. कापड नवं, रंग नवा. म्हणूनच एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याने, या घराण्यातल्या लाकडी स्पारांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढला. विकणाऱ्याला स्पार शेवटचा कधी आणि कसा पाहिला ते विचारा. "दरवर्षीच्या तपासणीत सगळं आलं" हे उत्तर चालणार नाही.

आता माणसं मारतं ते. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो. उतरायला शेवटचं वळण घेताय, चारशे फुटांवर. वाऱ्याने थोडं पलीकडे ढकललं, धावपट्टीची रेघ ओलांडली. आणखी कललो तर खालचे लोक बघतील असं वाटतं, म्हणून माणूस नुसत्या पायाने नाक ओढतो. विमान कलायला लागतं, म्हणून स्टिक उलटी दाबतो. नाक खाली जातं, म्हणून स्टिक पोटाशी घेतो. बस्स. आतला पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, आणि विमान त्याच्यावर उलटतं. सरळ उडताना ताशी ३८ मैलांच्या आसपास स्टॉल होणारं चॅम्प ४५ अंश कलल्यावर ४५लाच होतं. आणि स्टॉलचा इशारा देणारा भोंगा नाही हं त्यात! तुमच्या १७२मधली ती कण्हणारी शिटी विसरा. रेघ ओलांडली तर ओलांडली, फुल थ्रॉटल, सरळ वर, पुन्हा फेरी. पेट्रोल स्वस्त आहे.

वजनाचं गणित घ्या. १२२०मधून ७४० गेले, उरले ४८०. तेरा गॅलन पेट्रोलचे ७८, तेलाचे ८. तुम्ही २०३ पौंड. तुमच्याच अंगाचा मित्र बसवला की बारा पौंड जास्त. तुमची पट्टी ९०० फुटांवर असेल आणि दुपारी ३२ अंश तापमान असेल, तर पंखांना आणि इंजिनाला आपण तीन हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. पट्टीच्या टोकाला झाडं असली की हे गणित करायला वेळ मिळत नाही. थोडक्यात, बायकोला न्या, मित्राला नको.

घाटावरचा

काका, हे मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य आवडलं तिला. वयाने इंजिन बंद पडणं वगैरे? त्या हॉलिवूडच्या हॅरिसन फोर्डचं पडलं होतं ना?

ब्रिस्बेनकर_मेकॅनिक

यात मी बोलतो. मार्च २०१५, सांता मोनिकाहून टेकऑफ, विमान १९४२चं रायन पीटी-२२. इंजिनाची ताकद गेली, परत वळायचा प्रयत्न केला, पट्टीपर्यंत पोचलं नाही, गोल्फच्या मैदानावर उतरवलं. चौकशीत सापडलं की कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट आपल्या जागेतून आटे सुटून ढिला झाला होता. केवढासा तुकडा! खांद्याचा पट्टाही सीटच्या पातळ पत्र्याला नीट आधार न देता बसवलेला निघाला. हा पट्टा बहुतेक जुन्या विमानांत नंतर घातलेला असतो. कशाला बोल्ट केलाय ते वाकून बघा, नुसता लोंबकळताना दिसला म्हणून खूश होऊ नका.

दुसरं आमच्याकडचं, ऑस्ट्रेलियातलं. डिसेंबर २०१३, साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ टायगर मॉथ या जुन्या विमानाचे पंख हवेत तुटले, दोघे गेले. पोटाखालून आडवे जाणारे, पंखांना धरून ठेवणारे टाय रॉड आट्यांच्या जागी तुटले होते. आणि ते रॉड मूळचे नव्हते, नंतर बनवून बसवलेले. तेव्हापासून "नवीन पार्ट टाकलाय" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी कागद मागतो.

पुष्पक_७४

बरोबर. पण इंजिन बंद पडण्यात म्हाताऱ्या लोखंडापेक्षा बर्फाचा हात मोठा. आमच्याकडे जुलैत, हो जुलैत! कार्ब्युरेटरच्या अरुंद नळीत पेट्रोलची वाफ होते, हवा वीसेक अंशांनी थंड पडते, दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं. मी उतरायला थ्रॉटल कमी केलेला, आरपीएम हळूहळू घसरतोय, खाली भातखाचरं. कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, नॉब ओढला तर इंजिन आणखीच खोकायला लागलं. वितळलेलं पाणी गिळत होतं ते. मी घाबरून नॉब परत आत ढकलला. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने माझ्या मनगटावर चापट मारली, नॉब ओढला आणि धरून ठेवला. आठ-दहा सेकंद. खोकला थांबला. खाली आल्यावर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, चहा मागवला.

पंखा हाताने फिरवायचा म्हणालात, तर एकट्याने कधीच नाही. आत ब्रेकवर जाणता माणूस, चाकांना चॉक म्हणजे अडसर, शेपटीला दोर. थ्रॉटल जास्त उघडा राहिला की विमान तुम्हाला मागे टाकून निघतं. आमच्याकडचं एक कुंपणापर्यंत जाऊन आलं, सुदैवाने रिकामंच.

घाटावरचा

ठरलं. शनिवारी माझा मेकॅनिक येतोय, विकणारा कुरकुरत तयार झालाय. आधी आठ-दहा तास टेलव्हीलच्या इन्स्ट्रक्टरबरोबर, मगच पैशाचं बोलायचं. बायकोही येतेय, म्हणते पंखाच्या आत बघायला आरसा मी धरते.

पुष्पक_७४

वाकणाऱ्या दांडीचा दिवा न्या. साधी बॅटरी पंखाच्या तपासणीच्या भोकातून नीट आत जात नाही. दोन्ही पंख बघा, डावाच नाही. गिरकी कुठल्या बाजूला होती हे लॉगबुक लिहिणाऱ्यालाच ठाऊक. खालचा तिरपा दांडा स्पारला जोडतो तिथून टोकाकडे जास्त वेळ द्या, पुढचा स्पार आणि मागचाही. तड धाग्यांच्या दिशेने नसते, आडवी असते, केसासारखी, थोडी दातेरी. प्रकाश समोरून टाकलात तर दिसणार नाही, बाजूने टाका. वहिनींना सांगा आरसा हलवू नका, दिवा हलवा. आणि फोटो टाका इथे.