टेक्ससमधील सरकारी कंत्राट आणि बंदूक उद्योगाविषयीचे हमीपत्र

औंधकर (ऑस्टिन):
नमस्कार मंडळी. ऑस्टिनजवळच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टला (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) हजेरीची प्रणाली पुरवण्यासाठी आम्ही निविदा भरत आहोत. काम सुमारे १,८०,००० डॉलरचे, तीन वर्षांचे आहे आणि येथे आमची १४ पूर्णवेळ माणसे आहेत. विम्याचा कागद आणि कराचा फॉर्म यांच्या मध्ये एक पानभर हमीपत्र निघाले. केवळ बंदुकांच्या व्यवसायात आहे एवढ्याच कारणावरून कोणाशी व्यवहार नाकारण्याची प्रथा, धोरण, मार्गदर्शन किंवा आदेश आमच्याकडे नाही आणि कराराच्या मुदतीत असणार नाही, असे त्यात लिहून द्यायचे आहे. अडचण अशी की आमची मूळ कंपनी पुण्याची असून संस्थापकांनी पहिल्याच वर्षी ‘दारू, तंबाखू आणि शस्त्रे यांच्या उद्योगाचे काम आपण घेणार नाही’ असे लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सर्वोदयी होते. ते वाक्य आजही संकेतस्थळावर आहे. बंदूकवाला ग्राहक आजवर आमच्या दारात आलेलाच नाही, तेव्हा सही करण्यास हरकत असावी का?

हिशेबनीस:
हरकत आहे, आणि ती त्या वाक्यातच आहे. हे हमीपत्र ज्या कायद्यामुळे मागतात, तो म्हणजे टेक्ससचे २०२१ चे सिनेट बिल १९. तो त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाला. किमान १० पूर्णवेळ कर्मचारी असलेली कंपनी आणि सार्वजनिक पैशातून दिले जाणारे किमान १,००,००० डॉलरचे कंत्राट, या दोन्ही अटी तुम्हांला लागू होतात. एकल मालकीचा धंदा त्यातून वगळला आहे, पण ‘कंपनी’च्या व्याख्येत मूळ कंपनी, उपकंपनी आणि संलग्न कंपन्या स्पष्टपणे घेतल्या आहेत, त्यामुळे ते धोरण पुण्याचे आहे, आमचे नव्हे, ही पळवाट मिळणार नाही. एखाद्या विशिष्ट ग्राहकाची पत वाईट आहे किंवा तो पैसे थकवतो म्हणून त्याला नकार देणे चालते. दुकानदाराने स्वतःच्या दुकानात बंदुका न विकणे हाही भेदभाव धरलेला नाही. तुमचे वाक्य मात्र संपूर्ण उद्योगालाच उद्देशून आहे.

गल्फकाठ:
थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण हा कायदा मुळात तुमच्यासारख्यांसाठी आणलेला नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॉरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. त्यानंतर सिटीग्रुप (सिटी) या बड्या बँकेने बंदुका विकणाऱ्या ग्राहक-कंपन्यांना अटी घातल्या: २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक विकायची नाही आणि पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री करायची नाही. बँक ऑफ अमेरिकेनेही लष्करी धाटणीच्या बंदुका नागरिकांसाठी बनवणाऱ्यांना कर्ज देणे थांबवले. त्याच वर्षी लुइझियानाच्या रोखे आयोगाने या दोन्ही बँकांना महामार्गांसाठी ६० कोटी डॉलरचे कर्जरोखे विकण्याच्या कामातून सात विरुद्ध सहा मतांनी बाहेर ठेवले, आणि टेक्ससने तेच कायद्यात बसवले. जानेवारी २०२३ मध्ये टेक्ससच्या ॲटर्नी जनरलनी सिटी भेदभाव करते असा निष्कर्ष काढून तिला तेथील रोख्यांच्या व्यवहारातून रोखले. जून २०२५ मध्ये सिटीने ते धोरण मागे घेतले.

माझे मत विचाराल तर, याचा भुर्दंड करदात्यांनाच बसला. गॅरेट आणि इव्हानोव्ह या दोन अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, बंदुका आणि तेल-वायू या उद्योगांशी व्यवहार नाकारणाऱ्यांविरुद्धच्या टेक्ससच्या दोन जुळ्या कायद्यांमुळे मोठ्या बँका बाहेर पडल्या आणि स्थानिक संस्थांना पहिल्या आठ महिन्यांतल्या ३,२०० कोटी डॉलरच्या कर्जावर ३०.३ ते ५३.२ कोटी डॉलर जादा व्याज सोसावे लागेल. बोली लावणारे कमी झाले की भाव चढतो, हे भाजीबाजारातही दिसते.

हिशेबनीस:
मला ते इतके सरळ वाटत नाही. कायदेशीर धंदा करणाऱ्या माणसाला बँकांनी एकजुटीने दार बंद केले तर त्याने जायचे कोठे, हा कायद्याच्या समर्थकांचा प्रश्न खोटा नव्हे. एक गोष्ट मात्र नोंदवतो. या दहा माणसांच्या आणि लाख डॉलरच्या मर्यादा टेक्ससच्याच एका जुन्या हमीपत्रातून आल्या आहेत; इस्रायलवर बहिष्कार घालणार नाही, असे कंत्राटदाराने त्यात लिहून द्यायचे असे. २०१८ च्या अखेरीस शाळेत वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, २०१९ मध्ये न्यायाधीशांनी अंमलबजावणी थांबवली आणि विधिमंडळाने घाईघाईने छोट्यांना वगळले. तुम्ही पाच माणसांच्या फरकाने त्या वगळलेल्या गटाबाहेर राहिलात.

औंधकर (ऑस्टिन):
दोघांचेही आभार. संकेतस्थळावरून ते वाक्य काढून टाकले तर?

हिशेबनीस:
कायद्यात ‘धोरण’ या शब्दाबरोबर ‘प्रथा’ हाही शब्द आहे. उद्या एखाद्या शूटिंग रेंजने, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाने, तुमच्याकडे हजेरीची प्रणाली मागितली आणि तुम्ही याच कारणाने नाही म्हणालात, तर वाक्य काढूनही हमी खोटी ठरेल. काढायचे असेल तर मनातूनही काढा, आणि सही करण्यापूर्वी येथील वकिलाला एकदा कागद दाखवा.

औंधकर (ऑस्टिन):
काल रात्री पुण्याला फोन केला. संस्थापक सर दोन मिनिटे काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “वाक्य तिथेच राहू दे.” त्यामुळे आम्ही ही निविदा भरत नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टचे एक ६०,००० डॉलरचे काम निघाले आहे, ते भरू.