मदत हवी आहे: मोबदला घेऊन काढलेल्या भित्तिचित्रावर चित्रकाराचा हक्क उरतो का?

नमस्कार. मी परळला राहणारा चित्रकार आहे. चार वर्षांपूर्वी लालबागमध्ये पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या लॉबीत, विकासकाच्या सांगण्यावरून, मी गिरणगावाच्या जीवनावर १८ फूट लांबीचे भित्तिचित्र रंगवले. लेखी करार झाला नाही. सारे व्हॉट्सॲपवर ठरले, आणि पैसे (हे प्रांजळपणे सांगायला हवे) वेळेवर व पूर्ण मिळाले.

गेल्या महिन्यात तिथे गेलो, तर चित्रात भोके पाडून पत्रपेट्यांची रांग बसवलेली होती. कामगारापुढे डबा सरकवणाऱ्या खानावळवालीचा हात मनगटापासून दिसेनासा झाला असून डब्याच्या जागी आता ७०२ हा आकडा आहे. कोपऱ्यातील माझी सही पुट्टी आणि क्रीम रंगाखाली गेली आहे. शिवाय याच चित्राचे छायाचित्र, रंग बदलून आणि माझे नाव न देता, विकासकाच्या दुसऱ्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकावर छापले आहे. विचारल्यावर ‘पैसे मोजले, भिंत आमची, चित्रही आमचे’ एवढेच उत्तर मिळाले.

विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडले गेल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष देवविले, हे मी वाचले आहे. परंतु दिल्लीचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये पाडल्यावर वास्तुविशारद राज रेवल यांचा दावा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. त्यामुळे भीती वाटते की मी तक्रार करताच हे लोक अख्खी भिंत रंगवून मोकळे होतील. अशा वेळी पहिले पाऊल कोणते उचलावे?

प्रतिसाद:

आपण दोन हक्कांची गल्लत होऊ देऊ नये. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलट करार नसल्यास, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून छायाचित्र छापलेच कसे, या मुद्द्यावर आपली बाजू लंगडी आहे. कलम ५७ मधील कर्त्याचे विशेष हक्क मात्र कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी आपल्याकडेच राहतात: कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड वा फेरफार रोखण्याचा किंवा त्याची भरपाई मागण्याचा हक्क. पुसलेली सही, गाळलेले नाव, पाडलेली भोके आणि बदललेले रंग हे सारे याच कलमाखाली मांडावे. नुसत्या पेट्या चित्रापुढे ठेवल्या असत्या तर प्रश्न कठीण झाला असता, कारण कृती नीट प्रदर्शित न करणे हा या कलमाचा भंग ठरत नाही.

रेवल यांचे प्रकरण इमारतीचे होते. तिथे मालकाचा मालमत्तेवरील हक्क वरचढ ठरला. सहगल निकालात संपूर्ण नाश हीदेखील मोडतोडीची परिसीमा मानली आहे. तरीही भीती रास्त आहे, म्हणून नोटिशीआधी पुरावा गोळा करावा: सहीसह जुनी छायाचित्रे, कच्ची रेखाटने, व्हॉट्सॲप संभाषण, माहितीपत्रकाची मूळ प्रत. कॉपीराइटची नोंदणी नसली तरी अडत नाही. पाठोपाठ वकिलामार्फत आणखी फेरफाराविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागावा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. पूर्ण झाल्या दिवशीचे, सही स्पष्ट दिसणारे छायाचित्र जुन्या फोनमध्ये सापडले आहे. पेट्यांचे फोटो आज सायंकाळीच काढून आणतो.